वांगणीच्या माळावर

वांगणी म्हटले की मुंबईकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे बदलापूर व शेलू यांच्या मधले, कर्जत मार्गावरचे आगगाडीचे स्थानक उभे राहील. आम्ही जिची हकीकत सांगणार आहो ती वांगणी ही नव्हे. ती पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात आहे, आणि तेथे जाण्यास आगगाडी नाही. त्या गावी आम्ही गेलो ते देवदर्शनासाठी नव्हे की हवापालटासाठीही नव्हे. वयाची चौसष्ट वर्षे लोटलेले आणि जन्मभर मुलांकडून शब्दरूपावली घोकवून घेतलेले आम्ही, मोटार मुद्दाम कशी घसरवावी हे पाहण्यासाठी गेल्या आश्विनात तेथे तीन दिवस राहून आलो. हे ऐकून कित्येक स्नेह्यांनी आमच्या प्रकृतीची काळजीपूर्वक चौकशी केली! म्हणून मूळ कारण आधी सांगणे बरे.

सन २०२२ च्या आषाढात आम्ही घरची चार माणसे जव्हार येथील एका वृद्ध आप्तांच्या समाचारास नाशिकहून निघालो होतो. आमचे थोरले बंधू कैलासवासी होऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा एकुलता मुलगा गाडी हाकीत होता. त्याच्या शेजारी आम्ही, आणि मागील आसनावर वहिनी व आमचे कुटुंब. त्र्यंबकेश्वर मागे टाकून मोखाड्याकडे जाताना तोरंगणचा घाट लागतो. पाऊस तर होताच, पण त्याहून वाईट म्हणजे धुके होते. उतारावरील एका वळणाशी समोरून मालमोटार आली. मुलाने ब्रेकवर पाय दिला, आणि गाडीचे मागचे अंग जे फिरले ते दगडी कठड्यावर जाऊन आदळले. कठडा होता म्हणून आज हे लिहीत आहो. वहिनींचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तरी काठी कायमची हाती आली. मुलाने त्या दिवसापासून सुकाणूला हात लावला नाही. पावसाने घात केला, असे सगळे म्हणाले. आम्हीही तसेच म्हणालो. या प्रसंगातील एक गोष्ट मात्र आम्ही मनातच ठेवली होती. ती पुढे येईल.

तीन वर्षे अशीच गेली. गेल्या श्रावणात एके दिवशी वहिनी वाती वळता वळता म्हणाल्या, "भाऊजी, हा रस्त्याला भीत नाही, घसरण्याला भितो. मग कोणी त्याला घसरायलाच का शिकवीत नाही?" आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

शोध करिता कळले की वहिनींना जे सहज सुचले त्याची जगात रीतसर विद्या झालेली आहे. फिनलंड देशात वाहन चालविण्याचा परवाना घेणाऱ्यास घसरड्या जागी गाडी सांभाळण्याचे शिक्षण घ्यावेच लागते. आपल्याकडे आठाच्या आकड्यात गाडी फिरवून दाखविली आणि मागे घेतली की परीक्षा संपते. आणि जपानात तर याच घसरण्याची कला झाली. तेथील घाटांतील वळणांवर तरुण मंडळी रात्री गाड्या आडव्या सरकवीत नेत. कुनिमित्सु ताकाहाशी हे मोटारसायकलच्या शर्यतीतून मोटारीकडे वळलेले गृहस्थ या पद्धतीचे आद्य पुरस्कर्ते मानले जातात. त्यांचे पाहून केइची त्सुचिया यांनी ती घाटात गिरविली आणि १९८७ च्या एका चित्रफितीने ती घरोघरी पोचविली. पुढे तिच्या स्वतंत्र स्पर्धाही होऊ लागल्या. हिला ड्रिफ्टिंग म्हणतात. वेगाच्या शर्यतीत कोण आधी पोचले ते पाहतात. हिच्यात गाडी किती तिरपी झाली आणि तिरपी असतानाही किती ताब्यात राहिली, ते पाहतात.

आमचा एक जुना विद्यार्थी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीजवळ गॅरेज चालवितो. संस्कृतात त्याला आम्ही दोन वेळा नापास केले होते, हे त्याच्या पूर्ण स्मरणात आहे. मोटारींच्या रॅलीतील पथकांबरोबर तो मिस्त्री म्हणून हिंडलेला असून स्वतःही थोडाबहुत चालक आहे. या क्षेत्राची आम्हांस वाटली तितकी महाराष्ट्राला अनोळख नाही. नाशिकच्या आसमंतात राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि पुण्याचे श्री. संजय टकले यांच्यासारखा चालक आशिया-पॅसिफिक रॅलीपर्यंत गेलेला आहे. विद्यार्थ्याने आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे का घरात?"

गाडी होती. कैलासवासी बंधूंनी हौसेने घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरी तिला फियाटच म्हणतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून हिच्या भगिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमच्या निवृत्त झाल्या. आमची मात्र नोंदणी व तपासणी वेळच्या वेळी करून घेऊन पडवीत सुस्थितीत उभी होती. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढची चाके ओढून नेतात. फियाटला मागची चाके ढकलतात. गाडीचे मागचे अंग सरकते ठेवायचे तर शक्ती मागच्या चाकांना मिळत राहावी लागते, म्हणून या विद्येला अशीच गाडी हवी. तिच्या अंगी बळ असे किती? जेमतेम चाळीस-बेचाळीस अश्वशक्ती! कोरड्या डांबरावर ही काय घसरणार, अशी शंका आम्ही काढली. "म्हणूनच ही बरी," विद्यार्थी म्हणाला. "ओल्या मुरमावर घसरेल, आणि घसरली तरी पायी चालणाऱ्यापेक्षा फार पुढे जाणार नाही."

गाडीची तयारी आठवडाभर चालली होती. आम्ही रोज गॅरेजमध्ये स्टुलावर बसून पाहत असू. ड्रिफ्टिंगसाठी गाडी सजविणे म्हणजे चित्रविचित्र रंग व मोठा आवाज, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात पहिले चार दिवस ढिलेपणा काढण्यातच गेले. पुढच्या चाकांचे सांधे, सुकाणूच्या दांड्यांची टोके, चाकांचे बेअरिंग, मागचे कमानपाटे बांधणारे नट, सगळे हलवून पाहिले. चारही ब्रेक ड्रमचे. ते एकसारखे लागले पाहिजेत, नाही तर गाडी एका अंगाला ओढते. हँडब्रेकची तार अशी ताणली की मागची दोन्ही चाके एकदम अडकावीत. नवे टायर पुढे लाविले आणि झिजलेले मागे; शिवाय मागच्यांत हवा थोडी अधिक. आम्हांस हे उफराटे वाटले. त्यावर त्याने सांगितले की पुढच्यांनी रस्ता धरावा आणि मागच्यांनी सोडावा, हाच तर हेतू. मात्र परतीच्या प्रवासास निघण्यापूर्वी चांगले टायर मागे चढविलेच पाहिजेत. पुढचे सलग बाक काढून चालकापुरते अंगाला धरून बसणारे आसन बसविले, कारण सलग बाकावर माणूस वळणासरशी घसरत जातो व सुकाणूला लोंबकळू लागतो. पट्टा नवा. शिरस्त्राण आणले. बॅटरी आवळून बांधली. पायांखालची चटई काढली. डिकीतील जॅक, पाने, स्टेपनी, आणि गेल्या दसऱ्याचा एक नारळ, हे सर्व बाहेर काढले. गाडी फिरली म्हणजे सुटी वस्तू तोफेच्या गोळ्याप्रमाणे हिंडते.

एक गोष्ट त्याने मुद्दाम केली नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्याहून अधिक अंतर कापावे लागते; ती सोय डिफरन्शियल करून देतो. परंतु आतले चाक हलके होऊन फिरू लागले की सगळी शक्ती त्याच्याच वाटे वाया जाते. म्हणून या खेळाचे लोक डिफरन्शियलची दातेरी चाके एकमेकांस जोडून टाकतात, की दोन्ही मागची चाके बरोबरच फिरावीत. "ते केले तर ही रस्त्याची गाडी राहणार नाही," तो म्हणाला, "आणि हिला घरी परत जायचे आहे." १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर असले प्रयोग हा तर उघड गुन्हाच, हेही त्याने पुतण्यास स्वच्छ बजाविले. शाळेत ज्याच्या वहीवर आम्ही लाल रेघा ओढल्या त्याला इतका नेटका समजावून सांगता येते, हे पाहून आम्ही काहीसे ओशाळलो.

आता जागा हवी होती. आमचे एक सहाध्यायी आश्रमशाळेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा वांगणीस मुरमाड माळ होता. त्याने गुरे दुसरीकडे नेण्याचे कबूल केले. वहिनींच्या मते पितृपंधरवड्यात नवी विद्या आरंभू नये, म्हणून घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे निघालो. त्या वेळी पावसाने महाराष्ट्र सोडला नव्हता. वाट तीच. गाडी विद्यार्थ्याने हाकली. तोरंगणच्या घाटात ते वळण आले तेव्हा आम्ही आरशातून मागे पाहिले. पुतण्याने डोळे मिटून घेतले होते.

मोखाड्याच्या पुढे मुलूख निराळाच होतो. डोंगरउतारावर नागली आणि वरईचे पट्टे, खोलगटात भात, मधून सागाचे रान, आणि कुडाच्या भिंतींची लांबलांब विखुरलेली घरे. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी यांची ही वस्ती. गाव म्हणजे एका ठिकाणी गर्दी करून बसलेली घरे नव्हेत. पाडे इकडे एक, तिकडे एक. वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस येथे पडतो, आणि तरीही चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन कोसभर चालतात. मोखाड्याच्या उशालगतच्या मध्य वैतरणा धरणातले पाणी मुंबईच्या नळाला जाते. हा न्याय कोणत्या स्मृतीत बसतो, ते आमच्या संस्कृतज्ञानाच्या पलीकडचे आहे. जव्हार हे एके काळचे संस्थान. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर वसलेले, मुकणे घराण्याचे, १९४८ साली विलीन झाले. तेथील जयविलास राजवाडा आणि शिरपामाळ पाहण्याचा बेत होता. सुरतेच्या स्वारीस जाताना १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शिरपामाळी थांबले होते असे तेथील लोक सांगतात. परंतु गाडीत बसलेल्या दोघांनाही इतिहासात रस नव्हता.

वांगणीचा माळ पाहिला तो आम्हांस फारसा धीर आला नाही. वर चार बोटे गवत, खाली तांबूस मुरूम, आणि सगळे भिजून साबणासारखे झालेले. कर्णाच्या रथाचे चाक आठवले. विद्यार्थ्याने आधी सगळा माळ पायी तुडविला, दगड वेचविले, एक खड्डा निशाणाने दाखविला, आणि मध्यभागी तेलाचा एक रिकामा डबा उभा केला. माळाशेजारी पाड्यावरची दहाबारा मुले जमली. त्यांना बांधाच्या पलीकडे, उंचावर बसविले आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी आम्हांस नेमले. छत्तीस वर्षे केलेली नोकरी अशी पुन्हा मिळाली.

पहिला दिवस बसण्यातच गेला म्हटले तरी चालेल. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली, हात लांब केला असता मनगट सुकाणूच्या माथ्याला पोचावे, हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी. आणि नजर? नजर डब्यावर नको. जेथे जायचे तेथे. माणूस ज्याकडे पाहतो त्याच्यावरच गाडी नेऊन घालतो, म्हणे. मग डब्याभोवती संथ प्रदक्षिणा. वेग थोडा वाढविताच पुतण्याने सुकाणू वळविले तरी गाडी सरळच जाऊ लागली. पुढच्या टायरांची पकड संपली होती. विद्यार्थ्याने हिशेब मांडला तो असा: प्रत्येक टायरजवळ पकडीची ठरावीक पुंजी असते. ती ब्रेकला खर्च करा किंवा वळण्याला; दोन्हीकडे उधळाल तर दिवाळे निघेल. आणखी असे की ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे जातो, मागचे अंग हलके होते. त्यात वळण असले की ते हलके अंग बाहेर फेकले जाते.

हे वाक्य ऐकले आणि आमच्या पोटात काहीतरी तुटले. आम्ही मुलांना गप्प बसा म्हणून उगाच दरडाविले. ती बिचारी गप्पच होती.

दुसऱ्या दिवशी घसरविण्यास आरंभ झाला. पंचवीस-तीस किलोमीटरांचा वेग, दुसरा गिअर, डब्याकडे वळण घ्यायचे, क्लच दाबून हँडब्रेक क्षणभर ओढायचा आणि सोडायचा. मागची चाके अडकतात, मागचे अंग निघते. आता मागचे अंग ज्या अंगाला निघाले त्याच अंगाला सुकाणू फिरवायचे, क्लच सोडून शक्ती द्यायची, ती सुद्धा चमच्याने द्यावी तशी. पाय एकदम उचलला की गाडी झटका खाते. आणि सुकाणू सरळ करण्यास उशीर झाला तर ती सुटलेल्या धनुष्याप्रमाणे उलट दिशेला फिरते. पहिल्या घसरणीपेक्षा ही दुसरी अधिक घातक. पुतण्याच्या हातून पहिल्या वीसेक वेळा गाडी गरकन फिरून उलट तोंडाने उभी राहिली. मुले टाळ्या पिटीत. प्रत्येक वेळी तो ब्रेक दाबी, आणि प्रत्येक वेळी विद्यार्थी शेजारून शांतपणे म्हणे, "पुन्हा."

जपानातील एका प्रसिद्ध चित्रकथेत बाप आपल्या मुलाच्या गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवतो आणि घाटातून ते पाणी न सांडता येण्यास सांगतो, ही गोष्ट विद्यार्थ्याने तेथे सांगितली. आमच्याजवळ संध्येचे फुलपात्र होते. ते भरून आम्ही मागील आसनावर बसण्याची तयारी दाखविली. शिरस्त्राण घालून, पट्टा आवळून, हाती फुलपात्र घेतलेले आमचे ते ध्यान पाहून पाड्यावरच्या एका म्हातारीला इतके हसू आले की तिने खाली बसून घेतले. पहिल्या फेरीत पाणी आमच्या धोतरावर आले. पाचव्या फेरीत निम्मे. नलोपाख्यानात बाहुकाच्या रूपातील नल ऋतुपर्णाचा रथ हाकीत असता राजाचे उत्तरीय खाली पडते. ते उचलू म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढे गेलेला असतो. त्या अश्वविद्येतले वेगाचे वर्णन आम्ही मुलांना चवीने शिकवीत असू. नलाच्या रथात बसलेल्या माणसाला धक्का लागत होता की नाही, हे विचारण्याचे मात्र कधी सुचले नव्हते.

रात्री शेतकऱ्याच्या ओटीवर नागलीची भाकरी व उडदाचे वरण जेवून बसलो. पाऊस कोसळत होता. विद्यार्थ्याने पुतण्याला विचारले, "त्या दिवशी घाटात नेमके काय केलेस ते सांग. हातांचे, पायांचे."

"वळणात ब्रेक दाबला."

"वळणाच्या आधी वेग कमी केला होतास?"

"केला होता."

"मग ब्रेक का दाबलास?"

पुतण्या कंदिलाकडे पाहत राहिला. उत्तर त्याच्याजवळ होते, आणि ते तो देत नव्हता. तीन वर्षे त्याने ते कोणालाही दिलेले नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. आईची काठी रोज डोळ्यांपुढे असता, नातेवाइकांचे टोमणे ऐकत असता, त्याने ते दिले नव्हते. मालमोटार दिसताच "ब्रेक दाब!" म्हणून आम्ही वर्गात ओरडावे तसे त्याच्या कानाशी ओरडलो होतो. तो आपल्या बाजूने, ठीक वेगाने, वळणातून निघालाच होता. लहानपणापासून आमचा शब्द मोडायचा नाही अशी त्याला सवय. त्याने मोडला नाही.

ओरडलो ते आम्ही, असे आम्ही त्या ओटीवर सांगितले. इतके सांगण्यास बराच वेळ लागला. विद्यार्थी काही बोलला नाही. त्याने कंदिलाची वात उगाच खालीवर केली. पुतण्या म्हणाला, "काका, ते मला आठवतही नव्हते." हे खोटे होते, आणि ते त्याला साधले नाही.

तिसऱ्या दिवशी तो निराळाच माणूस झाला असे लिहिले तर कथेला शोभेल; तसे झाले नाही. सकाळी तीन वेळा गाडी फिरली. दुपारनंतर मात्र दोन डब्यांभोवती आठाचा आकडा काढताना एकदा मागचे अंग सुटले, ते सुटलेल्या अवस्थेतच एका वळणावरून दुसऱ्या वळणावर गेले, आणि त्याचा पाय ब्रेककडे गेला नाही. आम्हांस बांधावरून पाय दिसत नव्हता. मागचा तांबडा दिवा पेटला नाही, इतके दिसले. फुलपात्रात त्या फेरीला बोटभर पाणी उरले असते असा आमचा अंदाज आहे. मुलांनी डबा मागितला. तो त्यांना दिला. झिजलेले टायर काढून चांगले मागे चढविले, आणि निघालो. परतीच्या वाटेवर घाट येण्यापूर्वी विद्यार्थी गाडीतून उतरला व न विचारता मागे जाऊन बसला. पुतण्याने वळणाच्या कितीतरी आधी वेग उतरविला, खालचा गिअर घेतला आणि ते वळण इतक्या संथपणे पार केले की पाहण्यासारखे काही राहिलेच नाही. एवढ्यासाठी तीन दिवस गाडी घसरविली!

घरी आल्यावर वहिनींना सांगणे प्राप्त होते. त्या खंडेनवमीच्या पूजेची तयारी करीत होत्या. आम्ही सर्व सांगितले. त्या झेंडूची फुले ओवीत म्हणाल्या, "ठाऊक आहे, भाऊजी. मी मागे बसले होते; बहिरी नव्हते." काही वेळाने पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही कधी सांगता, एवढीच वाट पाहत होते."

जव्हारचे ते वृद्ध आप्त अद्याप हयात आहेत. दसऱ्याचे सोने देण्यास आम्ही एकादशीला त्यांच्याकडे गेलो. गाडी पुतण्याने हाकली. पुढील आसनावर काठी गुडघ्यांत धरून वहिनी बसल्या आणि आम्हांस त्यांनी मागे बसविले. तोरंगणच्या घाटात पुन्हा धुके होते. मोखाडा येईपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही.